दहा ते एक

"अण्णा, नेटचा प्लॅन स्वस्तात मिळालाय, त्याला हात लावायचा नाही. नुसती फोनची कंपनी बदलायची," त्यांच्या लेकीने, वृंदाने, बंगलोरहून बजावलं. "नंबर नवा मिळेल. राँग नंबरची कटकट तरी संपेल."

अण्णांचा आणि मगदूम डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर एका आकड्याने वेगळा होता. बायको होती तोवर अण्णा वैतागून रिसीव्हर आपटायचे. ती गेल्यावर मात्र त्यांनी डॉक्टरांच्या वेळा कागदावर लिहून फोनच्या वर चिकटवल्या. "दहा ते एक असतात. ताप किती आहे? बाळाला काही खाऊ घातलंत का?" असं विचारता विचारता त्यांची दुपार सरायची.

नवी लाइन लागली. खरखर नाही, काही नाही. नेटही होतं तसंच राहिलं. रविवारी वृंदा स्क्रीनवर आली आणि म्हणाली, "आता कसं शांत वाटतंय ना?" अण्णांनी हसून मान डोलावली.

आठ दिवसांत फोन एकदाही वाजला नाही. नवव्या दुपारी अण्णांनी रिसीव्हर उचलून टोन येतोय ना, ते पाहिलं. येत होता. मग त्यांनी आपलाच जुना नंबर लावला, फक्त शेवटचा आकडा बदलून.

"डॉक्टर आहेत का?"

"दहा ते एक," पलीकडची बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

अण्णा रिसीव्हर कानाशी धरून तसेच उभे राहिले. ताप किती आहे, हे तिने विचारलंच नव्हतं.