चारशे सतराची पँट

“काटा बिघडलाय, डॉक्टर,” धाकटा भाऊ काट्यावरून उतरत म्हणाला. “ऑपरेशननंतर कामावर लागलो तेव्हा मिळालेली हीच पँट. दोन वर्षं झाली, अजून बसते. मग वजन वाढलं कुठे?”

डॉक्टरीणबाई स्वतः काट्यावर चढल्या, आकडा बघून उतरल्या. काटा ठीक होता. ऑपरेशनच्या वेळी बासष्ट किलोंचा असलेला माणूस आता शहात्तरचा झाला होता.

“किडनी ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “मला काळजी हृदयाची आहे. रक्तदाब चढलाय, एक जिना चढलात तरी धाप लागतेय. गोळ्यांनी भूक वाढते, मान्य. पण हे असंच चाललं तर किडनी चालू राहील आणि माणूस जाईल.”

शेजारी बसलेल्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती किडनी तिची होती. तिच्या डाव्या कुशीत वीतभर लांबीचा व्रण होता, आणि हाडाची शिवणकामवाली असल्यामुळे तो जरा वाकडा शिवलाय हे तिला रोज अंघोळीच्या वेळी खुपायचं. तरी तिने कधी हूं की चूं केलं नव्हतं. भाऊ तीन वर्षं डायलिसिसच्या यंत्राला टांगलेला होता, पेल्याने मोजून पाणी प्यायचा, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि लहान मुलासारखा रडला. “आता पोटभर जेव रे,” असं त्या दिवशी तीच म्हणाली होती. पण पोटभर म्हणजे गळ्यापर्यंत नव्हे.

बाहेर बाकावर येईपर्यंत तिने कसाबसा दम धरला. मग तोंडाचा पट्टा सुटला.

“काटा बिघडलाय म्हणे! लाज वाटत नाही? कानीकपाळी ओरडून माझा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी! दुपारी डबा, वर चहाबरोबर फरसाण, घरी आलास की पुन्हा ताट. मी पोट फाडून घेतलं ते तू खाऊन मरावंस म्हणून?”

“ताई, हळू. लोक बघतायत.”

“बघू देत! फुकटची करमणूक आहे!” समोरच्या बाकावरच्या म्हातारीने खरंच पिशवी बाजूला सारून नीट बसून घेतलं.

भाऊ बस डेपोत पासाच्या खिडकीवर बसायचा. त्या डेपोतले सगळे गणवेश दुरुस्तीसाठी ताईकडेच यायचे. गठ्ठ्याने यायचे, सगळे निळे, सगळे सारखे. प्रत्येकाला टाचलेल्या चिठ्ठीवर बिल्ल्याचा नंबर आणि करायची दुरुस्ती, एवढंच. नेमकी त्यातलीच एक पँट आता तिला आठवली.

“तुमच्या डेपोत एक चारशे सतरा आहे बघ,” ती म्हणाली. “मी त्याला पाहिलेलं नाही, पण त्याची कंबर मला पाठ आहे. परवाच चौथ्यांदा सैल करून दिली. निळा दोरा संपला होता, म्हटलं, या खादाडाला तपकिरी चालेल, आत कोण बघतंय! तोही बायकोला हेच सांगत असेल, पँट तीच आहे म्हणून. एक दिवस डेपोतच आडवा होईल मेला. तसं व्हायचंय तुला?”

भावाने नजर बुटांकडे वळवली. एकाची नाडी सुटली होती. ती बांधायला तो वाकला, त्याचा हात बुटापर्यंत पोचेना, म्हणून आणखी वाकला. पाठीमागे शर्ट वर सरकला आणि पँटची कंबर बाहेर दुमडली.

आतली शिवण निळ्या कापडावर तपकिरी दोऱ्याची होती. शेवटी तीन उलटे टाके होते. तसे टाके ती एकटीच घालायची.

तिने हात पुढे केला.

“बिल्ला.”

घरी येताना तो बिल्ला नेहमी खिशात टाकायचा. त्याने तो काढून तिच्या तळहातावर ठेवला. ताईने नंबर वाचला. राग तिच्या अंगात होता तेवढाच होता, फक्त आता तो कोणावर काढावा हे तिला कळेना.

“गणवेश गठ्ठ्यातूनच द्यावा लागतो गं,” तो खाली बघत म्हणाला. “तुला सांगायची हिंमत नव्हती. आणि पँट परत आली की बसायची. बसली की वाटायचं, अजून सगळं ठीक आहे.” मग त्याने विचारलं, “अजून एकदा सैल होईल ना?”

“नाही,” ताई म्हणाली. “आत होतं नव्हतं तेवढं कापड परवा मीच उसवून दिलं.”