साक्षीआधीचे अकरा दिवस

मंजुळाबाईच्या थुंकीच्या रिपोर्टवर दोघांचाही दावा होता. पिंपळनेरजवळच्या एका पाड्यावर, पत्र्याच्या चर्चबाहेर, उपासनेला अर्धा तास असताना झुलाल पास्टर आणि आरोग्यसेवक सुकदेव तो कागद मध्ये धरून भांडत होते. टीबीचे जंतू सापडले नाहीत, एवढंच त्यावर लिहिलं होतं. ते कोणी घालवले हे लिहिलं नव्हतं, तीच तर पंचाईत.

सुकदेवचं म्हणणं सरळ होतं. रोज तीन गोळ्या, दोन महिने, जंतू मेले. यात देव कुठून आला? आला असेल तर पुरावा दाखव. पास्टर म्हणाला, पुरावा ही काय, पायरीवर बसली आहे. जानेवारीत हिला दोघांनी धरून आणावं लागायचं, आज एकटी चढ चढून आली. तेच तर मी सांगतोय, असं सुकदेव म्हणाला. दोघं चौथीपर्यंत एका बाकावर बसलेले, त्यामुळे एकमेकांचं ऐकून घ्यायची सवय कधी लागलीच नव्हती. सगळा पाडा एका ठिकाणी सापडतो म्हणून सुकदेव रविवारी येई, आणि वाद घालायला मिळतो म्हणून जरा लवकरच येई.

"गोळ्या तर तू सगळ्यांनाच देतोस," पास्टर म्हणाला. "मग सगळेच का बरे होत नाहीत?"

"खात नाहीत म्हणून."

"हिनं खाल्ल्या, हे तुला काय ठाऊक?"

सुकदेव याचीच वाट पाहत होता. त्यानं पिशवीतून मंजुळाबाईचं उपचाराचं कार्ड काढलं. एकेका दिवसाच्या चौकटीत बरोबरची खूण, अगदी कालपर्यंत, एकही चौकट रिकामी नाही. याला म्हणतात पुरावा, असं म्हणत त्यानं ते पास्टरच्या नाकासमोर नाचवलं.

मंजुळाबाई पायरीवर नवं लुगडं सावरत बसली होती. आज उपासनेत तिची साक्ष होती. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं, आणि साक्षीत खोटं बोलायचं नाही, असा तिथला नेम. ती कोणाकडेही न बघता म्हणाली, "मी गोया बंद करी टाक्यात. अकरा दिन हुई ग्यात."

सुकदेवचा हात कार्डासकट तसाच वर राहिला. का, असं पास्टरनं कसंबसं विचारलं.

"प्रभूनी बरं करं, असं आज सांगनं शे ना? मंग तोंडमा गोयी ठेईसन कसं सांगू? ते खोटं व्हई."

रिपोर्ट चांगला आला तरी गोळ्या सहा महिने घ्यायच्या, मध्येच सोडल्या की टीबी उलटतो, आणि उलटला की याच गोळ्यांना दाद देईनासा होतो, हे सुकदेव दहा वर्षं दारोदार सांगत आला होता. माणसं त्यात जातात. साक्ष दे म्हणून पास्टरच तिच्या मागे लागला होता. गोळ्या सोड असं तो बोलला नव्हता, पण घेत राहा असंही त्यानं कधी म्हटलं नव्हतं. आणि सुकदेव? दर रविवारी तो विचारायचा, बरं आहे ना अक्का? ती म्हणायची बरं आहे, आणि ते खरंच होतं. तेवढ्यावर तो आठवड्याच्या सात खुणा एकदम मारून मोकळा व्हायचा. आज आल्याआल्याही त्यानं तेच केलं होतं. पुरावा पुरावा करणाऱ्या या माणसानं गोळ्यांचं पाकीट एकदाही बघितलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

त्यानं डॉक्टरांना फोन लावला. रेंज फक्त चर्चच्या उंबऱ्यावर मिळायची, म्हणून जन्मात आत न गेलेला सुकदेव चपला काढून उंबऱ्यावर उभा राहिला. पास्टर त्याच्या कानाला कान लावून. डॉक्टरांनी आधी यथेच्छ झापलं. मग खोकला आहे का, ताप येतो का, वजन किती, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, एवढ्यानं बिघडू नये. आजच सुरू करा, उद्या तपासायला घेऊन या, आणि यापुढे एकही दिवस चुकवू नका. दोघांचा जीव भांड्यात पडला. पास्टर म्हणाला, प्रभूची कृपा. सुकदेवनं त्याला पहिल्यांदाच अडवलं नाही.

मंजुळाबाईचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. मग आज साक्ष द्यायची की नाही? पास्टर आपली प्रवचनाची मराठी विसरला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मना पाय मोडना, तवय मी पलस्तर करं का नही? पलस्तर व्हतं म्हनीसन मनी प्रार्थना खोटी व्हती का?"

मग तिनं कमरेची पिशवी सोडली. गोळ्या तिथंच होत्या, तिला त्या टाकवल्या नव्हत्या.

उपासनेत ती उभी राहिली. मी लई आजारी होते, प्रार्थना झाली, गोळ्याही झाल्या, मग मीच शहाणपणा करून गोळ्या सोडल्या, असं सगळं तिनं ओळीनं सांगितलं. आमेन नेमकं कुठे म्हणायचं ते लोकांना कळेना. मग तिनं तांब्या मागून घेतला, तीन गोळ्या एकेक करून गिळल्या आणि दारातल्या सुकदेवला बोटानं बोलावलं. तो मुकाट पुढे जाऊन पास्टरशेजारी उभा राहिला.

तिनं दोघांसमोर मोठा आ केला आणि जीभ उचलून दाखवली. दोघंही वाकून, डोक्याला डोकं लावून बघत राहिले.

तिनं तोंड मिटलं. "दिसनं का दोन्हीस्ले?"