काहीही न आवरता

"पन्नाशीला स्वतःसाठी काय करणार?" मुलीने विचारलं.

"आमच्याच हॉटेलात एक दिवस राहणार," आई म्हणाली, "आणि काहीही आवरणार नाही."

बावीस वर्षं ती तिथे खोल्या आवरत होती. खोली तिने मुद्दाम चौथ्या मजल्यावर घेतली. दुसरा मजला तिच्याकडे होता, उगाच स्वतःचंच काम कशाला वाढवायचं. चारही टॉवेल वापरून ओलेच जमिनीवर टाकले. बिछान्यात बसून बिस्किटं खाल्ली, चुरा झटकला नाही. सकाळी निघताना हात सवयीने चादरीकडे गेला, तो तिने मागे घेतला.

खाली येऊन तिने चावी परत केली, गणवेश चढवला आणि कामावर हजर झाली.

"ताई, चौथ्या मजल्यावरची आज आलेली नाही," सुपरवायझर म्हणाला. "तिच्या खोल्या तुम्हीच घ्या."

ती ढकलगाडी घेऊन वर गेली. पहिलंच दार उघडलं. ओले टॉवेल, चुरा, चोळामोळा झालेली चादर.

"काय एकेक माणसं असतात," ती नेहमीसारखी पुटपुटली. "आईबापांनी काही वळणच लावलेलं नसतं."