धाकट्याची चूक

वायर सुटली होती, एवढंच. थोरल्याने व्हिडिओ गेमच्या त्या जुन्या डब्याचं झाकण काढून आत भिंग धरलं, तेव्हा ते लगेच दिसलं. धाकट्याने दिलेला सोल्डरचा एक डाग उखडला होता, म्हणून टीव्हीचा पडदा काळाठिक्कर राहत होता.

"सापडलं, बाबा."

बाबा सोफ्याच्या कोपऱ्यात बसले होते. शेजारची जागा रिकामी होती. धाकटा गेल्यापासून तिथे कोणी बसलं नव्हतं.

"नुसतं चालू कर," ते म्हणाले. "बाकी कशाला हात लावू नकोस."

धाकटा होता तेव्हा रोज संध्याकाळी तो आणि बाबा हा खेळ खेळायचे. पडद्यावर पाठीला पोतं बांधलेला एक माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत पळायचा आणि सोफ्यावर हे दोघे एकमेकांवर ओरडायचे. परगावी राहणाऱ्या थोरल्याला तो आरडाओरडा फक्त फोनवर ऐकू यायचा. आता बाबा दोन घास खाऊन उठत. कशाची चौकशी नाही, कशाचा हट्ट नाही. आज दुपारी मात्र त्यांनी आपणहून विचारलं होतं, "तो गेम लावून देशील का रे?" थोरल्याला इतका आनंद झाला, की स्वतःचीच लाज वाटली. आज त्या रिकाम्या जागेवर आपण बसायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

थोरला एका वाहिनीच्या स्टुडिओत कामाला होता. कॅमेऱ्यांचे रंग जुळवायचे, चित्राचा उजेड मापात ठेवायचा, हे त्याचं काम. कोणाकडे पाहुणा म्हणून गेला आणि तिथल्या टीव्हीवरचे चेहरे जरा लालसर दिसले, तरी त्याला जेवण गोड लागत नसे. घरचे त्याला नाकाने कांदे सोलणारा म्हणत. त्यालाही ते मनातून आवडायचं.

त्याने नवा डाग दिला, गेम सुरू केला आणि कपाळाला हात लावला.

चित्रात रंगाचा पत्ता नव्हता. पांढरं होतं ते डोळ्यांत खुपत होतं, काळं होतं ते डांबरासारखं, आणि अधलंमधलं सगळं गडप. आकाश नाही, झाडं नाहीत. तो माणूस आणि खड्ड्यांच्या कडा, एवढंच काय ते उरलं होतं.

"काय करून ठेवलंय यानं," तो पुटपुटला आणि त्याने डबा पुन्हा उघडला.

डबा अँटेनाच्या जमान्यातला. नव्या टीव्हीला तो जोडता यावा म्हणून धाकट्याने आतून चित्राची वायर थेट बाहेर काढली होती. तिथवर ठीक होतं. पण त्या भानगडीत सर्किटवरची, रंग वाहून नेणारी तांब्याची रेघ ब्लेडने कापली गेली होती, आणि उजेड आवरून धरणारा रेझिस्टर एक तार टाकून निकामी केला होता.

"एक फोन करायचास की रे मला," थोरला त्या सर्किटला म्हणाला. काप अगदी सरळ होता. तारेची टोकंही नीट छाटलेली. पोराने चूकसुद्धा टापटिपीने केली होती. ते बघून त्याला भडभडून आलं आणि त्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

बाबांनी हात लावू नको म्हटलं होतं. धाकट्याच्या हातची खूण राहावी, असं वाटत असेल त्यांना. पण भावाचं काम असं अर्धवट, हसण्यासारखं मागे राहावं, हे थोरल्याला सोसेना. एवढं तरी आपण त्याच्यासाठी करावं, असं त्याने मनाशी म्हटलं. त्याने रंगाची रेघ जोडली. तार काढून टाकली. टीव्हीचा उजेडही कोणीतरी पार टोकाला नेऊन ठेवला होता, तो खाली आणला.

आता चित्र बघत राहावं असं आलं. आभाळ निळं, गवत हिरवं, पाठीवरचं पोतं पिवळं. स्टुडिओतही इतकं मापात चित्र क्वचित बसतं.

तो हळूच रिकाम्या जागेवर जाऊन बसला. बाबा जरा सरकले. त्याने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि खेळ सुरू केला.

बाबा पुढे झुकले. दोन्ही अंगठे बटणांवर तयार होते. पडद्यावर पोतंवाला माणूस पळत आला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा आला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला, तेव्हा खेळ संपल्याची धून वाजली. बाबांचे अंगठे हललेच नव्हते.

"उडी मारा ना, बाबा."

"चित्र येऊ दे की आधी."

थोरला हसला. म्हाताऱ्याने किती दिवसांनी थट्टा केली होती! "आलंय की! हा काय समोर, पिवळं पोतं घेऊन उभा." त्याने बोट दाखवलं. बाबांची नजर बोटामागे गेली नाही. ती पडद्याच्या जरा बाजूलाच, भिंतीवर होती.

"पिवळं?" बाबांनी विचारलं. कंट्रोलर त्यांनी मांडीवर ठेवला. मग चाचपत थोरल्याचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"तुला सांगितलं नव्हतं. उगाच काळजी करत बसला असतास तिकडे," ते म्हणाले. "नुसतं भडक काळं-पांढरं तेवढं कळतं, रंग आले की मला काहीच दिसत नाही रे. म्हणून तर धाकट्यानं ते काढून टाकले होते."