आतल्या खोलीतली खडखड

"ते शिलाई मशीन जरा थांबवायला सांगता का?" शंकासुर म्हणाले. "बोललेलं ऐकू येत नाही."

आतल्या खोलीतून मघापासून एकसारखी खडखड येत होती. मालकीणबाईंनी बंद दाराकडे पाहिलं, मग टेबलावरच्या सह्या व्हायच्या कागदांकडे.

"नाही हो, थांबवता नाही यायचं. माझ्या सासूबाई आहेत."

"मग कठीणच आहे," भावोजी म्हणाले आणि एकटेच हसले.

शंकासुर हे नाव त्यांच्या धाकट्या बहिणीनं ठेवलेलं, आणि काही उगीच ठेवलं नव्हतं. बहीण जन्मभर नर्स होती, भावोजी तिचा नवरा. निवृत्तीनंतर तिघांनी शिल्लक एकत्र करून लहान कंपन्यांचे शेअर घ्यायचं ठरवलं होतं. अट एकच, तिघंही हो म्हणाले तरच घ्यायचे. आजवर दरवेळी दोघं हो म्हणायचे, शंकासुर नाही म्हणायचे, आणि तिघं चहा पिऊन घरी यायचे.

मालकीणबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. कमी विजेवर चालणारे दिवे त्या करायच्या. बँकेनं हात वर केले होते. आज हे तिघं तसेच उठले तर महिनाअखेर या तळघराला कुलूप लागणार, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नर्सबाई केव्हाच विरघळल्या होत्या. खोलीला एक खिडकी नाही, छताला लिंबाएवढे तीन दिवे, आणि उजेड असा की कागदावरचं मुंगीएवढं अक्षर त्यांनी चष्म्याशिवाय वाचलं. मग स्वतःचा हात उलटा करून पाहिला. शीर न शीर दिसत होती. उभा जन्म त्यांनी मिणमिणत्या वॉर्डात पेशंटच्या शिरा चाचपण्यात घालवला होता.

"अगं बाई, असा उजेड तेव्हा असता तर!" त्या म्हणाल्या.

शंकासुर काही विरघळले नाहीत. "कामाच्या मुली कुठं आहेत?"

"आज सुट्टी दिलीय."

"कामाच्या दिवशी?" त्यांनी भुवई उडवली. "शेजारच्या छापखान्याचीही यंत्रं बंद आहेत. सगळ्या गल्लीचाच धंदा बसलाय वाटतं. आणि हे तुमचे दिवे मघाशी मंद झाले. मी पाहिलं बरं का."

मालकीणबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते... होतं कधी कधी."

"होतं कधी कधी! ऐकलंस? लाइटची कंपनी, आणि म्हणे होतं कधी कधी!"

"दादा, तू उजेड बघ ना रे आधी."

"उजेड बघितला. उजेडामागं काय आहे ते बघायचंय." जिना उतरतानाच कुरकुरलेले गुडघे सावरत शंकासुर उठले. आता निदान ती खडखड तरी थांबवू, असं पुटपुटत ते आतल्या दाराशी गेले. मालकीणबाई "अहो, नको, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी दार उघडलं होतं.

आत दिवाच नव्हता. त्यांच्या पाठीमागून जाईल तेवढाच उजेड आत पडला. शिलाई मशीनवर एक म्हातारी बाई बसली होती. मशीनला सुई नव्हती, दोरा नव्हता, कापडाचा कपटासुद्धा नव्हता. पाय तेवढे चालले होते, टाच, चवडा, टाच, चवडा. चाकाचा पट्टा एका छोट्याशा डायनामोवरून फिरत होता, आणि त्यातून निघालेली वायर शंकासुरांच्या दोन पावलांमधून बाहेरच्या खोलीत गेली होती.

"अगं बाई, पाहुणे!" म्हणत म्हातारी लगबगीनं उभी राहिली.

पाय थांबले, आणि दोन्ही खोल्या काळ्याकुट्ट झाल्या.

"वीज सकाळीच गेलीय हो," काळोखात मालकीणबाईंचा रडवेला आवाज आला. "सगळ्या गल्लीची. तुम्हाला फोन करणार होते. पण लाइटच्या कंपनीत लाइट नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"मीच म्हटलं तिला," सासूबाई म्हणाल्या. "बोलावलेली माणसं माघारी कशाला लावायची? माझे पाय आहेत की. मध्येच जरा दमले, तेवढं सांभाळून घ्या."

शंकासुर उंबऱ्यात खिळल्यासारखे उभे होते. ज्या उजेडात बहिणीनं मुंगीएवढं अक्षर वाचलं, तो सगळा या दोन म्हाताऱ्या पावलांतून आला होता! मालकीणबाईंनी एवढ्याशा ताकदीचं एवढं करून दाखवलं होतं, आणि आपण मात्र आवाज होतो म्हणून कुरकुरत होतो. जन्मात पहिल्यांदाच त्यांना विचारायला एक शंका सुचेना.

मग आत काहीतरी सरकलं. स्टूल करकरलं. खडखड पुन्हा सुरू झाली, आधी अडखळत, मग सलग.

दिवे हळूहळू वर चढले. नर्सबाईंना आधी आपले हात दिसले, मग टेबल, मग मालकीणबाईंचा ओला चेहरा. मग दारात कपाळावरचा घाम पुसत उभ्या असलेल्या सासूबाई दिसल्या. भावोजी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"अहो, मग आत कोण आहे?"

"सह्या उरका लवकर!" आतून शंकासुर ओरडले. "माझे गुडघे फार वेळ टिकायचे नाहीत."