कोंडीरामची घागर

मागच्या सीटवरून दोरी ओढल्याची खर्र-खर्र थांबली, तसा मुरारीने गाडीचा वेग कमी केला.

त्याने आरशात पाहिलं. रुक्मिणीबाईंची मान खांद्यावर कलंडली होती. दोरी हातातून सुटून लोंबत होती. तोंड लालबुंद, आणि अंगावर घामाचा थेंब नाही. चाकणहून निघताना म्हातारी ठणठणीत होती. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, जेवणाला तळेगावला लेकीकडे निघाली होती. छप्पन सालच्या वैशाखानं तिला अर्ध्या वाटेत गाठलं.

मुरारी यशवंतराव ठेकेदारांचा ड्रायव्हर, आणि रुक्मिणीबाई त्यांच्या आई. यशवंतरावांनी मुंबईहून मोटार आणली, तिच्यासोबत गारव्याचं नळकांडंही आणलं. ते पुढच्या डाव्या खिडकीबाहेर टांगलेलं असे. पोटात पाणी, तोंडाशी वाळा. दोरी ओढली की वाळा पाण्यात बुडून वर यायचा आणि धावत्या गाडीचा वारा त्यातून गार होऊन आत शिरायचा. दोरी मागे बसणाऱ्याच्या हातात. चाक धरलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नसे.

मुरारीने गाडी थांबवून नळकांडं हलवलं. कोरडं ठणठणीत. पाण्याचा डबा तर मघाशी खालुंब्र्याजवळ रेडिएटर उकळला तेव्हाच त्याच्या घशात रिकामा झाला होता. चहूकडे उघडा माळ. इंदोरीची नदी अजून पाच मैल.

पाणी होतं, नाही असं नाही. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर, पायाशी, चुंबळीवर ठेवलेली कोरी घागर काठोकाठ भरलेली होती. पण ते पाणी मेलेल्या माणसाचं होतं.

मुरारीचा बाप कोंडीराम. याच रस्त्यावर त्याने तांबडं मुंडासं बांधून तीस वर्षं टांगा हाकला. "आधी घोडं, मग सवारी, मग आपण," हा त्याचा पाण्याचा कायदा. पोरगा मोटारीवर गेला तेव्हा हसून म्हणाला होता, "मोटारीला कुठं तहान लागती रं? चैन हाय तुझी!" मागच्या वैशाखात पुढच्या लिंबाखाली त्याने घोड्याला पाजलं, सवारीला पाजलं, आणि स्वतःपर्यंत येता येता पाणी संपलं. तिथंच तो कोसळला तो उठला नाही.

आज त्याच्या नावाची पहिली आखिती, गेलेल्याच्या नावानं पाण्याची घागर द्यायचा दिवस. परतताना ती घागर त्या लिंबाखाली ठेवायची होती. सकाळी घागर हातात देताना आई, तानाबाई, बजावून म्हणाली होती, "वाटंत हिला कुनी हात लावू नगं. आज पानी न्हाई पोचलं, तर वरीसभर तहानलेला फिरंल त्यो. आन तहानलेला मानूस आपलं पानी मागाया येतोच."

मुरारीने मागे पाहिलं. म्हातारीचा श्वास भात्यासारखा चालला होता. त्याने घागरीतलं ओंजळभर पाणी तिच्या ओठांना लावलं. घोट उतरेना, पाणी हनुवटीवरून ओघळून गेलं. आता अंगच गार करायला हवं होतं.

"आबा, तुमचं पानी घेतो," तो माळाकडे बघत म्हणाला. "रागावू नगा." आणि त्याने सगळी घागर नळकांड्यात उपडी केली.

दोरी दोनदा ओढून तो चाकामागे बसला. दर अर्ध्या मैलाला थांबून ओढू, असा त्याने हिशेब केला. अर्धा मैल व्हायच्या आतच दोरीचा आवाज आला.

खर्र-खर्र.

आईसाहेब शुद्धीवर आल्या! त्याने आनंदाने आरशात पाहिलं. म्हातारीचे दोन्ही हात मांडीवर निपचित पडले होते. आणि आवाज मागून नव्हताच. तो शेजारून येत होता.

खर्र-खर्र.

वारा गार झाला. मग अति गार. पौषातल्या पहाटे नदीवर उभं राहावं तसा तो हाडांत शिरू लागला. भर दुपारी आरशावर वाफ धरली. आधी वाळ्याचा वास आला. मग त्याच्या आडून दुसरा, घोड्याच्या घामाचा, हरभऱ्याच्या चंदीचा. मुरारी तो लहानपणापासून ओळखत होता. त्याने डावीकडे मान वळवली नाही. कोण आलंय ते त्याला कळलं होतं, आणि कशासाठी आलंय तेही.

"पुढच्या साली दोन घागरी देतो, आबा," तो पुटपुटला. "आज एवढी बाई जगू द्या."

 दोरी ओढली जातच राहिली. लिंब मागे गेला, नदी मागे गेली. थांबायची हिंमत त्याला झाली नाही.

तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अंग वेळेवर गार केलंत. आणखी पाव तास गेला असता तर कठीण होतं."

मुरारीला आनंद झाला नाही. सवारी वाचली, पण बाप दुसऱ्यांदा तहानलेला राहिला, आणि या खेपेला पोटच्या पोरानं पाणी तोडलं. आता आईला काय तोंड दाखवायचं? तो खाटेशी मान खाली घालून उभा राहिला.

दिवस कलल्यावर रुक्मिणीबाईंनी डोळे उघडले.

"मुरारी, तो म्हातारा कुठं गेला रे?"

"कोन म्हातारा, आईसाहेब?"

"अरे, तुझ्या शेजारी बसलेला. तांबड्या मुंडाशाचा. दोरी ओढून ओढून दमला असेल बिचारा. ओठ ओलेगच्च होते त्याचे, दाढीवरून पाणी ठिबकत होतं. मी विचारलं, बाबा, एवढं पाणी कुठं प्यालात? तर हसला आणि तुझ्याकडं बोट करून म्हणाला, 'घोडं झालं, सवारी झाली, मग पोरानं मला पाजलं.'"