फक्त मीटिंगच्या टॅबवर

ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांचं तोंड दिसू नये म्हणून मी ब्राउझरसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ती फक्त मीटिंगच्या टॅबवर चालायची आणि साहेबांचा चौकोन तेवढा गायब करायची. तब्येतीला बराच आराम पडला होता.

आज माझाच चौकोन दिसेना. मी घाईघाईने स्क्रिप्ट बंद केली. साहेब परत आले, मी नाही.

“आपले विद्वान उगवले नाहीत वाटतं?” साहेबांनी विचारलं.

“आलोय की, साहेब!” मी ओरडलो.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. “नाही हो साहेब, खुर्ची रिकामीच आहे,” असं म्हणत त्यांनी आपली जड पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

“बरं झालं,” स्क्रीनवरून थेट माझ्या डोळ्यांत बघत साहेब म्हणाले.